शहाण्णवावा तास

विरुपाक्षने शेवटच्या बरणीवरची जाळी बाजूला केली आणि काचेची कांडी हलकेच पाण्यात बुडवली. कांडी जवळ येताच बोटाएवढे दहा मासे दहा दिशांना उधळले आणि क्षणभराने तळाशी पुन्हा एकत्र आले. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठला पाच मिनिटं होती. पाच मिनिटांनी शहाण्णव तास पुरे होणार होते.

"नबीसाब, सगळेच्या सगळे जिवंत."

खिडकीच्या कट्ट्यावर स्टोव्ह पेटवून बसलेल्या नबीसाबने चहाचं भांडं खाली ठेवलं आणि स्वतः येऊन बरणीत डोकावून पाहिलं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून त्याची चौदा वर्षं गेली होती, पण तिथं आणलेला एखादा जीव जिवंत राहिल्याबद्दल कुणी खूश झालेलं तो पहिल्यांदाच बघत होता.

"बेडकांचं नशीब असलं कधी निघालं न्हाई साहेब," तो म्हणाला.

टेबलावर सहा बरण्या ओळीने मांडल्या होत्या. पहिलीत नुसतं पाणी होतं आणि पुढच्या पाचांत चढत्या मात्रेने मोरचूद घातलेलं. पाण्यात निळी झाकसुद्धा दिसत नव्हती, इतकी ती मात्रा थोडी होती. सोलापूरहून मंद्रूपकडे जाताना नागणतळं लागतं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरलं आणि ऑक्टोबरच्या उन्हात शेवाळाने हिरवंगार झालं. आसपासच्या पाच गावांना तेच पाणी प्यायला जाई. नळाला वास येऊ लागल्यावर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसने तळ्यात मोरचूद टाकून शेवाळ मारायचं ठरवलं. पोती काठावर येऊन पडली. तेवढ्यात कुणाला तरी माशांची आठवण झाली आणि कॉलेजला पत्र आलं: या मात्रेने तळ्यातल्या जीवांना अपाय होईल किंवा कसे, ते लेखी कळवावे.

विरुपाक्षने ते पत्र किती वेळा वाचलं असेल याचा नेम नाही. एकतीस वर्षांच्या आयुष्यात तो पुस्तकात उत्तर असलेलेच प्रश्न विचारत आणि सोडवत आला होता. हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात नव्हता. एक अख्खं तळं आपल्या उत्तराची वाट बघतंय, या विचाराने त्याला चार रात्री धड झोप लागली नव्हती. आज चार वाजता जीप येणार होती, आणि उत्तर 'अपाय नाही' असलं तर उद्या सकाळी होडीतून फवारणी. उत्तर लिहून तयार होतं. सही तेवढी राहिली होती.

दाराशी बांगड्या वाजल्या. कमरेवर मडकं घेऊन तानाबाई उंबऱ्याबाहेर थांबली होती.

"आत या की. चार दिवस झाले, अजून लाजता?"

"लाजती कशाला. काच लई हाय हितं," ती म्हणाली आणि पदर सावरत, कशालाही धक्का लागू न देता, टेबलाशी आली.

तानाबाई भोयाची, नागणतळ्याच्या काठावरची. वय साठीच्या आसपास. हे साठ मासे तिनेच पकडून दिले होते, आणि देताना एकच अट घातली होती, की जगतील ते परत तळ्यात जातील. अट ऐकून विरुपाक्षला तेव्हा गंमत वाटली होती. मासे पकडून विकणाऱ्या बाईने माशांसाठी शब्द घ्यावा! मग तिच्यासोबत मासे घेऊन आलेल्या भोयांनी सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात तळ्याच्या तळाला भेगा पडल्या, तेव्हा शेवटच्या डबक्यात तडफडणारे मासे हिने गोळा केले आणि घरामागच्या आडात सोडले. घरात दाणा नव्हता, पण त्या आडात तिने कुणाला गळ टाकू दिला नाही. पुढच्या पावसाळ्यात तळं भरल्यावर ती त्यांना परत सोडून आली. आज तळ्यात जेवढी मासळी होती, ती सगळी त्या आडातली पैदास. हे ऐकल्यापासून विरुपाक्ष तिच्याशी बोलताना नकळत उभा राही.

"जगली?" तिने विचारलं.

"सगळी."

तिने मडकं खाली ठेवलं, सहाही बरण्यांसमोरून सावकाश एक फेरी मारली आणि हात जोडले. माशांना की विरुपाक्षला, ते समजलं नाही.

"तळ्याचं पाणी आणलंय त्यास्नी न्यायला," ती म्हणाली. "येष्टीत कंडक्टर म्हनला, मडक्यात काय हाय? म्हनलं, पाणी. म्हनला, सोलापुरात पाणी न्हाय व्हय?"

विरुपाक्ष हसला. मन मोकळं झालं की माणसाला काहीतरी द्यावंसं वाटतं. त्याने मडक्यातलं थोडं पाणी ड्रॉपरने उचललं, काचपट्टीवर ठेवलं, सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी ओढला आणि स्टूल पुढे केलं.

"बसा. तुमच्या तळ्यात काय आहे ते बघा."

आधी तिला काहीच दिसेना. दोन्ही डोळे मिटून ती भिंगावर वाकली होती. एक उघडा ठेवायचा, हे सांगितल्यावर ती एकदम स्थिर झाली. 

"अगं बया," ती हळूच म्हणाली. "ह्याच्या आरपार दिसतंय."

"डॅफ्निया म्हणतात. पाण्यातली पिसू. तुमचे मासे हिच्यावरच वाढतात."

"पाठीपाशी काय फडफडतंय?"

"काळीज."

तिने डोळा काढला नाही. एक हात मात्र तिच्या स्वतःच्या छातीवर गेला. "किती पळतंय हो. दमत कसं न्हाय?" मग थोड्या वेळाने, आवाज आणखी खाली आणून, "मास्तर, ही पोटुशी हाय."

विरुपाक्षने वाकून पाहिलं. खरंच होतं. पाठीवरच्या पिशवीत चार पिल्लं होती आणि प्रत्येकाचा काळा डोळा बारीक टाचणीने टोचल्यासारखा दिसत होता. दर वर्षी तो हे मुलांना दाखवत असे आणि आकृती काढून घेत असे. आज त्याच्या अंगावर काटा आला. बहात्तर साली ढेकळागत कोरड्या पडलेल्या तळ्याच्या चिखलात यांची अंडी वर्षभर निजून राहिली होती, आणि पाणी येताच हा सगळा पसारा पुन्हा सुरू झाला होता, कुणालाही न विचारता. ते त्याने तानाबाईला सांगितलं.

"मला वाटत हुतं, मीच वाचवलं," ती म्हणाली आणि हसली. "ह्यास्नी कोन वाचवाय गेलं हुतं?"

तेवढ्यात नबीसाब स्टाफरूममधली घागर घेऊन आला. साठ मासे एका मडक्यात मावणार नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. घागर तांब्याची, कालच चिंचेने घासलेली, उन्हात नुसती लखलखत होती. मडक्यातलं अर्धं पाणी त्यात ओतायला तो वाकला, तर तानाबाई स्टुलावरून उठलीच.

"तांब्यात नगं!"

"का?" विरुपाक्षने विचारलं.

"मरत्यात त्यात."

विरुपाक्षला हसू आलं. "तानाबाई, मोरचूद कशाचं असतं? तांब्याचंच. या माशांनी चार दिवस तांब्यातच काढलेत, आणि बघा, कसे उड्या मारताहेत."

तानाबाईने बरण्यांकडे पाहिलं, मग घागरीकडे.

"ह्यात तांबं हाय? आन जगली?"

"जगली."

"पाणी त्येच न्हवं, हिरीचं?"

"हो, कॉलेजच्या विहिरीचं."

"मग जगतील की," ती म्हणाली. सकाळ झाली म्हणजे उजाडणारच, तशा सुरात.

विरुपाक्षने सही करायला उघडलेलं पेन तसंच हातात राहिलं.

"म्हणजे?"

ती सांगायला लागली, तेही नबीसाबकडे बघून, कारण शिकलेल्या माणसाला काही सांगायला तिला अवघड जात होतं. आडातले मासे परत तळ्यात सोडायचे तेव्हा ते एकदम सोडायचे नसतात. पाणी बदललं की मासा दचकतो. म्हणून तिने ते आडाच्या पाण्यासकट तांब्याच्या घागरीत घेतले, घागर तळ्याकाठी सावलीत ठेवली आणि ओंजळ-ओंजळ तळ्याचं पाणी त्यात घालत बसली. आडाचं पाणी होतं तोवर मासे मजेत होते. जसजसं तळ्याचं पाणी वाढत गेलं, तसतसे ते वर येऊन तोंडं उघडायला लागले. दुपारपर्यंत निम्मे उलटे झाले.

"म्या म्हनलं, तळंच बाटलं. रडले. मग सासू म्हनली, घागर बदल. उरलेली मडक्यात घातली, तेच तळ्याचं पाणी, तर एक मेला न्हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "तांबं त्येच. पर आडाच्या पाण्यात त्येचं काय चालत न्हाय. तळ्याच्या पाण्यात चालतं."

"नबीसाब, आपल्या विहिरीचं पाणी कसं आहे?" विरुपाक्षने विचारलं. प्रश्न विचारतानाच त्याचं उत्तर त्याच्या ध्यानात यायला लागलं होतं.

"जड हाय साहेब. साबणाला फेस न्हाई. डाळ तर बिलकूल शिजत न्हाई, होस्टेलवालेसुद्धा डाळीला नळाचंच पानी नेतात."

"तळ्याच्या पाण्यात डाळ लोण्यागत शिजती," तानाबाई म्हणाली. "पावसाचं पाणी ते."

विरुपाक्ष खुर्चीवर बसला. समोर पुस्तक उघडं होतं. चाचणीचं पाणी स्वच्छ असावं, त्यात क्लोरीन नसावं, असं त्यात लिहिलं होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून त्याने मोठ्या हुशारीने विहिरीचं पाणी घेतलं होतं. तळं पंधरा मैलांवर होतं आणि विहीर खिडकीखाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला, असं तो नबीसाबला तेव्हा म्हणालाही होता. आता त्याला स्वतःची शरम वाटली. विहिरीच्या पाण्यातला चुनखडीचा अंश तांब्याचे दात पाडत असणार. त्याने शहाण्णव तास तळ्याची परीक्षा घेतलीच नव्हती. परीक्षा झाली होती ती कॉलेजच्या विहिरीची.

कागद मात्र तयार होता. ऑफिसला हवं तेच उत्तर त्यावर होतं, पद्धत पुस्तकातली होती आणि कुणी बोट ठेवू शकणार नव्हतं. त्याने पेनला टोपण लावलं.

"तानाबाई, मला तुमचं हे पाणी लागणार. आणि पहिल्या बरणीतले दहा मासे. त्यांना औषध लागलेलं नाही."

"ती तर घरी जायची हुती."

"हो. मी शब्द दिला होता."

पहिल्या बरणीपाशी जाऊन तिने काचेवर बोट टेकवलं. मासे बोटाकडे आले. आडात असताना ती बोटाने भाताची शितं घालत असणार, आणि त्यांची पुढची पैदासही ती सवय घेऊन येत असेल, कोण जाणे.

"पाणी बदललं म्हनून दचकूनबी मरतील की. मग कसं कळंल, औषदानं का दचकून?"

विरुपाक्ष तिच्याकडे बघतच राहिला. एम.एस्सी.च्या मुलांना हे समजवायला त्याला अर्धा तास लागे. "म्हणून पाच जण नुसत्या तळ्याच्या पाण्यात ठेवायचे, आणि पाच औषध घातलेल्या. दचकायचं ते दोन्हीकडचे सारखेच दचकतील."

तिने मान हलवली. नबीसाबने दोन धुतलेल्या बरण्यांत मडक्यातलं पाणी ओतल्यावर तिने बाही वर सारली. जाळी न घेता, ओल्या ओंजळीने तिने एकेक मासा स्वतः उचलला. पाच डाव्या बरणीत, पाच उजव्या. उजव्या बरणीत मोरचूद पडायचं होतं हे तिला माहीत होतं. तिकडचा शेवटचा मासा सोडताना तिची ओंजळ पाण्यात जरा जास्त वेळ राहिली.

नऊ वाजता त्याने उद्या तळ्यात पडणार होती तीच मात्रा पिपेटने उजव्या बरणीत सोडली. मासे इकडून तिकडे पोहत राहिले. काहीच झालं नाही.

अकराला त्याने उजव्या बरणीतला एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि पाहिलं. मग सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाला. तानाबाई आपण होऊनच स्टुलावर बसली आणि आता शिकल्याप्रमाणे एक डोळा उघडा ठेवून वाकली.

काळजाची फडफड थांबत थांबत होत होती. एकदा व्हायची, मग विसरल्यासारखी राहायची. पुन्हा एकदा. मग झालीच नाही.

"पोटातलीबी?" तिने विचारलं.

"हो."

"डोळं आलं हुतं त्यास्नी."

ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. नबीसाबने तिला कपात चहा दिला, तो तिने घेतला नाही. विरुपाक्षने पुन्हा पुन्हा नवे थेंब पाहिले. डावीकडच्या पाण्यात पिसवा टुणटुण उड्या मारत होत्या. उजवीकडे त्या बरणीच्या तळाशी पांढऱ्या धुळीसारख्या साचल्या होत्या. उद्या दहा वाजता एवढ्या मोठ्या तळ्याच्या तळाशी हे असंच साचलं असतं आणि वरून कुणालाही काही दिसलं नसतं. शेवाळ गेल्याचं पाहून लोकांनी पेढे वाटले असते. 

दुपारी एकनंतर उजवीकडचे मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. तानाबाईने सांगितलं होतं तसंच, तंतोतंत. डावीकडच्यांनी सकाळी थोडी घाई-गडबड केली होती, ती केव्हाच शमली होती. पावणेचारला उजवीकडे तीन मासे उलटे झाले होते आणि दोन कुशीवर पडून कल्ले हलवत होते. डावीकडचे पाचही धडधाकट होते.

त्याने आधीचा कागद फाडला नाही. त्यावर आडवी रेघ मारली, तो पुन्हा दिसेल असा वहीला टाचला आणि नवा कागद घेतला. लिहिलं त्यात थोडंच होतं: नागणतळ्याच्या पाण्यात ही मात्रा माशांना व त्यांच्या खाद्याला मारक आहे; मोरचूद टाकू नये; आधीची चाचणी वेगळ्या पाण्यात घेतली, ती चूक माझी. सही केली तेव्हा बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

ड्रायव्हर ज्ञानूने कागद घेऊन खिशात घातला. "टाकायचं का न्हाय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग पोती परत आणायला मलाच जावं लागंल," तो कुरकुरला. "आत्ताच तळ्याकडं निघालोय. एक पोतं मागं हायच, नमुन्याचं."

"मग यांना घेऊन जा."

तानाबाईने डावीकडचे पाच मासे तळ्याच्या पाण्यासकट मडक्यात घेतले. औषधातले पन्नास चार दिवस निव्वळ पाण्यात ठेवून मग न्यायचं ठरलं. मेलेले तिने मागितले तेव्हा विरुपाक्ष म्हणाला, "खायचे नाहीत हं ते."

"खाया न्हाय," ती म्हणाली. तोवर कुशीवरचे दोघेही गेले होते. पाचही तिने पदराच्या टोकात बांधले.

जीपच्या मागच्या बाजूला मोरचुदाचं पोतं उभं होतं. शिवणीतून सांडलेले निळे खडे पत्र्यावर चमकत होते. दिसायला देखणे, देवापुढे ठेवावेत असे. तानाबाई चढली, पाय आखडून बसली, मडकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या तोंडावर पंजा झाकून धरला.

विरुपाक्ष जीपशी उभा होता. सकाळपासून मनात घोळणारा प्रश्न त्याने अखेर विचारला.

"तानाबाई, पहिल्या दिवशी मी विहिरीचं पाणी भरून घेतलं, तेव्हा तुम्ही इथंच होतात. तळ्याचं का नाही, असं तेव्हाच का नाही विचारलंत?"

तिने जरा विचार केला.

"एवढ्या काचा बघितल्या," ती म्हणाली. "वाटलं, ह्यास्नी म्हाईतच आसंल की."

जीप धूळ उडवत गेटाबाहेर वळली. विरुपाक्ष वर आला. पाच बरण्यांमधले पन्नास मासे अजून तसेच मजेत पोहत होते. कांडी नुसती दाखवली तरी उधळत होते आणि पुन्हा एकत्र येत होते. सकाळी याच माशांना पाहून त्याला किती आनंद झाला होता. त्याने खुर्ची ओढली आणि तो त्यांच्यासमोर बसून राहिला.

नबीसाबने रिकामी बादली उचलली. बरण्यांचं पाणी बदलायची वेळ झाली होती. दारापर्यंत जाऊन तो थांबला आणि वळला.

"साहेब, पानी कुठलं आणू?"

चौदा वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. विरुपाक्षने वही पुढे ओढली आणि उत्तर देण्याआधी तो प्रश्न तिच्यात लिहून घेतला.